मोदक १००, बॉक्स ११ आणि २१ चे: फोनवर ‘हो’ म्हणण्याआधी हा हिशोब करा

गणपती जवळ आले की घरगुती मोदक करणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. नैवेद्याला लोक ११ किंवा २१ मागतात, म्हणून बरेच जण बॉक्सही तेच दोन ठेवतात. मग एखाद्या सोसायटीतून फोन येतो, “ताई, १०० मोदक पाहिजेत, बॉक्समध्ये भरूनच द्या.” आपण लगेच, “हो, देते की!”

आणि पहाटे पॅकिंगला बसल्यावर कळतं. ११ चे ९ बॉक्स भरले की ९९, एक मोदक उरला. २१ चे ४ भरले की ८४, उरले १६. त्यात ११ चा एक भरला तरी ५ शिल्लक. कसंही फिरवा, १०० जमतच नाहीत. आता अर्धा रिकामा बॉक्स द्यायचा का?

हे फोनवरच कळू शकतं. ऑर्डरला ११ ने भागा. बाकी शून्य आली तर सगळे ११ चे बॉक्स. बाकी उरली तर ती ११ मधून वजा करा, तेवढे बॉक्स २१ चे. उरलेले मोदक ११ च्या बॉक्समध्ये बरोबर बसतात.

उदाहरणार्थ १५०. भागाकारात बाकी ७. अकरातून सात गेले, राहिले ४. म्हणजे २१ चे ४ बॉक्स, ८४ मोदक. उरले ६६, म्हणजे ११ चे ६. झालं! असं का होतं? २१ म्हणजे ११ च्या दुपटीला एक कमी. १५० ला पुढच्या अकराच्या पाढ्यातल्या १५४ पर्यंत जायला ४ कमी पडतात, आणि २१ चे चार बॉक्स नेमके तेवढेच कमी घेतात.

आता १०० बघा. बाकी १, म्हणजे २१ चे १० बॉक्स लागतील. ते तर २१० मोदक झाले! म्हणून नाही जमत. अशा वेळी, “९९ देऊ की १०५?” असं विचारा. मी तर १०५ आधी सुचवेन, २१ चे सरळ ५ बॉक्स. नाहीतर ५ चा छोटा बॉक्स ठेवा: ८४ + ११ + ५ = १००.

या दोन बॉक्समध्ये न बसणारी सगळ्यात मोठी ऑर्डर १९९ ची. २०० पासून पुढे काहीही मागू दे, बसतं.

मोठ्या ऑर्डरला कधी दोन जोड्या निघतात, कारण ११ चे २१ बॉक्स आणि २१ चे ११ बॉक्स सारखेच, २३१. ४५० मोदकांना ११ चे ३९ आणि २१ चा १ चालतो, किंवा ११ चे १८ आणि २१ चे १२. समजा रिकामा बॉक्स १२ आणि १८ रुपयांना पडतो. पहिल्या जोडीला ४८६ रुपये, दुसरीला ४३२. शिवाय दहा बॉक्स कमी भरायचे.

बॉक्स १२ आणि १८ चे असतील तर मात्र ही रीत लावू नका. दोन्ही ६ च्या पाढ्यातले, त्यामुळे ६ ने भाग न जाणारी ऑर्डर कितीही मोठी असली तरी बसणार नाही.

आता २५० ची ऑर्डर तुम्ही करून बघा, वहीत.