पहाटे पाचचा आवाज

पुणे, रविवार

चि. बापू यास काकाचा आशीर्वाद.

डॅलसच्या ताईकडून कळलं की तुझ्या सिल्वरॅडो ट्रकच्या काचेवर, वायपरखाली, कोणीतरी निनावी चिठ्ठी खोचून गेलं. ‘पुढच्या वेळी चिठ्ठी नसेल’ एवढंच तीत होतं म्हणे. तू ती हसण्यावारी नेलीस आणि फोटो काढून मित्रांना पाठवलास. इथे कोणाला हसू आलं नाही. वहिनींनी तो फोटो बोटांनी मोठा करून दोनदा वाचला. दादा काही बोलले नाहीत, आणि दादा बोलत नाहीत म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. आपल्या घरात अवेळी वाजणाऱ्या फोनची धास्ती बसली आहे, तीही तुला ठाऊक आहे. म्हणून आधी तुझ्या ट्रकच्या आवाजावरून रागावून घेतो. चांगल्या चालत्या ट्रकचा मफलर कापून काढायचा, त्याजागी सरळ नळी वेल्ड करून घ्यायची, त्यासाठी वर पैसे मोजायचे आणि या सगळ्याला ‘अपग्रेड’ म्हणायचं, याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे. तो मी पत्रात लिहीत नाही.

तुझं म्हणणं ताईने पोचवलं: आवाज हा ट्रकचा स्वभाव आहे, कंपनीने तो दाबून ठेवला होता, तू मोकळा केलास. इथेच माझा पहिला आक्षेप आहे. इंजिनातून धडाधड बाहेर पडणारा वायू शांत करणं ही करामत आहे. त्यासाठी डबा, आतले पडदे, छिद्रांची नळी, लांबी-रुंदीचं गणित लागतं. इंडियानातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी 1897 साली इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी अजून नवलाईची होती. म्हणजे गाडी नीट रांगायला लागण्याआधीच माणसाला तिचा आवाज सोसेनासा झाला होता. तेव्हापासून सव्वाशे वर्षं लोकांनी डोकं चालवून जे बसवलं, ते तू करवतीने पंधरा मिनिटांत उतरवलंस. त्यात तू काही घडवलं नाहीस. आणि शब्दाचीही गंमत बघ. आपण इथे ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याला तिकडे मफलर म्हणतात, आणि तिकडे सायलेन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. मशीनगन काढणाऱ्या मॅक्सिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम, त्याने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट 1909 मध्ये मिळवलं आणि तेच डोकं पुढे इंजिनाच्या आवाजालाही लावलं. मला नेमकी ही दोन टोकं एकत्र आलेली नको आहेत. तुमच्या टेक्सस राज्यात 2021 पासून परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. चिठ्ठी लिहिणारा कोण, त्याच्या उशाशी काय असतं, आठवडाभर त्याची झोप झाली आहे की नाही, यातलं तुला काही माहीत नाही.

आता तू पहाटे पाचला कामावर निघतोस त्या वेळेचं बोलू, कारण सगळी गोम तिथेच आहे. रात्रभर गार पडलेलं इंजिन सुरू झालं की संगणक मुद्दामच फेरे चढे ठेवतो आणि ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे गरम वायू लवकर पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापावा. म्हणून जागेवर उभ्या असलेल्या तुझ्या ट्रकचा आवाज दिवसातून सगळ्यात जास्त असतो तो त्या पहिल्या मिनिट-दीड मिनिटात, गल्ली झोपलेली असताना. मिनिटाला बाराशे फेरे धरले तर व्ही-आठ इंजिनाचे सेकंदाला 80 स्फोट होतात. हा खर्जातला आवाज. 80 हर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या झोपायच्या खोलीएवढी, त्यामुळे खोलीच घुमायला लागते. शिवाय तिकडची घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकलेली. टिपेचा आवाज अशा भिंतीत बऱ्यापैकी अडतो, पण खर्ज अडवायला भिंतीला वजन लागतं आणि त्या भिंतींना ते नसतं. खिडक्या बंद करून, डोक्यावर उशी घेऊनही तो आवाज छातीत लागतो. तू मात्र त्या वेळी कॉफीचा पेला खाचेत ठेवत असतोस, आणि मिनिटभराने निघून जातोस. जागा झालेला माणूस तासभर छताकडे बघत राहतो. तो काय विचार करत असेल, हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा ‘काही विशेष नाही’ असा आला, असं तू ताईला सांगितलंस. अशी अ‍ॅप बहुधा ए मापाने मोजतात, आणि ते माप माणसाचा कान हलक्या खर्जाला मंद असतो हे धरून 80 हर्ट्झच्या आवाजातून साधारण 22 डेसिबल वजा करतं. त्यात फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला, खर्ज त्याला धड पकडता येत नाही. तेव्हा ज्या आवाजाबद्दल तक्रार आहे तोच वगळून तू मोजणी केलीस. तुझा दुसरा मुद्दा कायद्याचा: 1 जानेवारी 2025 पासून टेक्ससात खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली, आता विचारणारं कोणी नाही. तपासणी गेली हे खरं, कलम गेलेलं नाही. वाहतूक संहितेचं कलम 547.604 अजून पुस्तकात आहे. गाडीला चालू स्थितीतला मफलर हवा, त्याने अवाजवी आवाज सतत रोखला पाहिजे, आणि त्याला वळसा घालणारी कुठलीही जोडणी चालत नाही, असं ते सांगतं. पोलिसाला थांबवायला तेवढं पुरे आहे. पण खरं सांगू? पोलिसाने थांबवलं तर मला बरंच वाटेल. तो निदान पावती फाडून जाईल.

ताकद वाढते हा तिसरा मुद्दा. पूर्ण पाय दाबून, फेरे वर चढवून ट्रक पळवलास तर मोकळ्या नळीचा थोडाफार फायदा होतही असेल. पण कामावर जाताना सतराशे-अठराशे फेऱ्यांवर, पाय जेमतेम टेकवून चालवताना इंजिनाचा श्वास कोण अडवतं? तूच. थ्रॉटलची झडप अर्धीअधिक मिटलेली असते, कारण तुला तेवढीच ताकद हवी असते. पुढचं दार आपणच ओढून घ्यायचं आणि वारा खेळावा म्हणून परसाची भिंत पाडायची, त्यातला हा प्रकार. आवाजाने लोक सावध होतात, अपघात टळतो, असंही तुम्ही मुलं म्हणता. नळीचं तोंड मागे असतं रे. ज्याला सावध करायचं तो पुढे, काचा वर करून गाणी ऐकत असतो, आणि खर्ज कुठून येतोय ते कानाला चटकन उमगत नाही. त्या कामाला हॉर्न दिलेला आहे.

व्ही-आठचा आवाज आवडतो, हा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांचे स्फोट एका आड एक न होता अडखळत, लय मोडत होतात, म्हणून तो गुरगुराट येतो. कान असलेल्या माणसाला तो आवडणारच. पण गोडवा त्या लयीत आहे आणि शेजाऱ्याला लागतो तो दणका. लय ठेवून दणका कमी करता येतो, आणि तीच खरी कारागिरी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कंपनीचा मूळ एक्झॉस्ट परत बसवणं. तुझ्यासारखेच हौशी लोक नव्या ट्रकचे मूळ एक्झॉस्ट उतरवून स्वस्तात विकत असतात, एखादा शोध. ते नकोच असेल तर मोठा, सरळ छिद्रनळीचा, भरपूर भरणाचा मफलर घे आणि त्याच्या मागे रेझोनेटर लाव. फायबर भरलेल्या छोट्या नळकांड्यावर भागवू नकोस. हळूहळू आतलं भरण जळत जातं आणि आवाज परत वाढतो.

हायवेवर डोकं भणभणतं अशी तुझी स्वतःचीच तक्रार आहे म्हणे. तिचंही गणित आहे. अठराशे फेऱ्यांना 120 हर्ट्झ. एक टोक बंद असलेली आडवी नळी एक्झॉस्टला जोडली तर तिच्यात शिरलेली लहर बंद टोकाला आपटून उलटी येते आणि मूळ लहरीला मारते; त्यासाठी तिची लांबी लहरीच्या चतुर्थांशाएवढी हवी. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 480 मीटर धरला तर ती लांबी बरोबर एक मीटर येते. पण तुझं इंजिन हलक्या भारावर काही सिलिंडर आपोआप बंद करतं. चारच चालू राहिले की त्याच फेऱ्यांना 60 हर्ट्झ होतात, आणि त्याला दोन मीटर नळी लागेल. कंपनीचा मफलर ही दोन्ही सोंगं सांभाळण्यासाठीच तेवढा अवजड केलेला असतो. कापण्याआधी त्या दुकानदाराला हे विचारायला हवं होतंस. केबिनमध्ये आवाज शोषणारे पत्रे चिकटवायचा तुझा विचार मात्र सोडून दे. त्याने शांतता फक्त तुला मिळेल, आणि ती एकट्यालाच मिळणं हा तर या सगळ्यातला मूळ दोष आहे. काही करण्याआधी मॅनिफोल्डचा एखादा बोल्ट तुटून गळती नाही ना, ते पाहून घे. आणि कन्व्हर्टरला कोणालाही हात लावू देऊ नकोस, तो काढून टाकणं तिथल्या केंद्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे.

फार बोललो. तुला वाटेल, म्हातारपणी सगळ्यांना शांतताच हवी असते. बुलेटच्या सायलेन्सरमधली जाळी काढून हिंडलेला माणूस तुला हे लिहितो आहे, एवढंच सांगतो. तपशील वहिनींनाही माहीत नाहीत. त्या वेळी ज्यांच्या झोपा मोडल्या, त्यांची माफी मागावी असं आता वाटतं, पण त्या आळीत त्यांतलं कोणी उरलेलं नाही. तुझे शेजारी अजून तिथे आहेत. ट्रक नीट झाला की डावी-उजवीकडच्या चार घरी जा. दिवसाढवळ्या जा, दार वाजवून दोन पावलं मागे उभा राहा, आणि ‘आवाज बंद केलाय, चुकलं’ एवढं सांगून ये. चिठ्ठी त्यांच्यातल्या कोणाची, ते विचारू नकोस. तोवर महिनाभर रस्त्याच्या तोंडाशी, घरांपासून लांब ट्रक लावता आला तर बघ. चार पावलं चालल्याने काही बिघडत नाही.

पैसे कमी पडत असतील तर मला कळव, दादांना नको.

तू पहाटे पाचला किल्ली फिरवतोस तेव्हा सध्या इथे दुपारचे साडेतीन झालेले असतात. वहिनी चहाचं आधण ठेवतात आणि घड्याळाकडे बघतात. साइटवर पोचलास की त्यांना दोन शब्द पाठवत जा.

तुझा,
काका