लिहिणाऱ्याला पदवी किती लागते

छत्रपती संभाजीनगर



मराठीत लेखक होण्यासाठी पदवीची अट कधीच नव्हती. हस्तलिखित हातात घेताना प्रकाशक गुणपत्रिका मागत नाही आणि दिवाळी अंकाचा संपादकही कोणत्या वर्षी पास झालात हे विचारत नाही. कॉलेज सोडून पूर्णवेळ लिहायला बसावे असे ज्यांना वाटते, त्यांच्या तोंडी काही नावे ठरलेली असतात: अण्णा भाऊ साठे, बहिणाबाई चौधरी, नारायण सुर्वे. मराठवाड्यात त्यांत ना. धों. महानोरांची भर पडते, कारण त्यांचे पळसखेडे याच जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यात आहे. हे दाखले खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, असे सर्रास सांगितले जाते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. वाटेगावातून ते वडिलांबरोबर मुंबईला गेले, गिरण्यांच्या वस्तीत राहिले, अक्षरे तिथेच शिकले आणि कामगार चळवळीत ओढले गेले. 1944 मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडा, लावणी, वग लिहायचा आणि तो हजारो कामगारांपुढे उभा करायचा. तिथे फसलेली ओळ त्याच रात्री कळते, कारण समोरचा माणूस जांभई देतो किंवा उठून जातो. ‘फकिरा’ 1959 साली आली तेव्हा या माणसाच्या गाठीशी लोकांपुढे लिहिण्याचा पंधरा वर्षांचा सराव होता. कुठल्याही विद्यापीठात इतका कडक परीक्षक नेमलेला नसतो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण ओवीची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा जात्यावर आणि शेतात कानावर पडून त्यांच्या जिभेवर बसलेली होती. गाणी कागदावर उतरली ती मुलगा सोपानदेव यांच्यामुळे, आणि 1952 साली पुस्तक निघाले त्यामागे आचार्य अत्रे होते. म्हणजे निरक्षर कवयित्रीच्या पुस्तकालाही शिकलेले दोघे लागलेच. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या शिकवणीवर मराठी वाचायला-लिहायला सुरुवात केली आणि ‘स्मृतिचित्रे’सारखे मराठीतले एक नितळ आत्मचरित्र लिहिले. सुर्वे शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चा, ‘माझे विद्यापीठ’ 1966 चा. दुसऱ्या संग्रहाच्या नावावर मॅक्सिम गॉर्कीच्या आत्मचरित्राची सावली आहे. गॉर्कीलाही फारशी शाळा मिळालेली नव्हती. याच सुर्व्यांनी 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

महानोर जळगावला कॉलेजपर्यंत पोचले होते. शिक्षण अर्धवट टाकून ते शेतीकडे परतले आणि 1967 मध्ये ‘रानातल्या कविता’ प्रसिद्ध झाल्या. महानोरांचे नाव पुढे करणारे विद्यार्थी कॉलेज सोडल्याचा भाग तेवढा लक्षात ठेवतात. शेतीत राबण्याचा भाग त्यांच्या हिशेबात नसतो.

या सर्वांना पदवी मिळाली नाही, पण पदवीने जे द्यायला हवे ते त्यांना दुसरीकडून मिळाले: ऐकण्या-वाचण्याचा मोठा साठा, चूक दाखवणारा माणूस आणि लिहिलेले ज्यांच्यापुढे ठेवायचे असे लोक. या तिन्हींची दुसरी सोय ज्याच्यापाशी नाही, त्याने कॉलेज सोडले तर त्याच्या हाती मोकळा वेळ उरतो, एवढेच.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या लेखात सहसा येत नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठीतून उच्च शिक्षण घेण्याची वाट जवळजवळ बंदच होती. मराठवाडा साहित्य परिषद 1943 साली स्थापन झाली ती अशा काळात. परिषदेने मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना एकत्र बसायला जागा दिली आणि ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक चालवले. मराठवाड्यात विद्यापीठ आले 1958 मध्ये. इथल्या जुन्या पिढीचे साहित्यशिक्षण बरेचसे वर्गाबाहेर, बैठकांत आणि वाचनालयांत झाले, ते आवडीने नव्हे, नाइलाजाने. आज पदवीला नाके मुरडताना हा नाइलाज विसरला जातो.

छत्रपती संभाजीनगरातच 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिले गेले नव्हते, त्यांची मुले महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात शिकायला आणि राहायला आली. प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार होते; त्यांचे ‘युगयात्रा’ बाबासाहेबांनी पाहिले होते. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक उभे केले आणि अनेक दशके चालवले. नव्याने लिहू लागलेल्या दलित लेखकांना तिथे पान मिळाले, संपादकाचे पत्र मिळाले, लेखक-वाचक मेळाव्यांत समोरासमोर टीका मिळाली. वर्ग, वसतिगृह आणि नियतकालिक एकाच आवारात आल्याने काय घडू शकते, याचे मराठीतले हे फार मोठे उदाहरण आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, तो पदवी नाकारून गमावतो थोडे. ज्याच्या घरातला तो पहिलाच शिकणारा आहे, त्याच्यासाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय हेच पहिले कपाट असते. दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही.

परीक्षेतले यश आणि वाङ्मयाची जाण यांची सांगड घालणेही धोक्याचे. नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले, आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या नापास वर्षांत त्यांचे वाचन थांबलेले नव्हते. अभ्यासक्रम सोडून सगळे चालू होते. मात्र पुढे त्यांनी परीक्षा दिल्या आणि पदव्याही घेतल्या, हेही त्याच गोष्टीत येते.

पदवीचे नुकसानही असते, आणि ते मराठी विषय घेणाऱ्याला जास्त होते. गाइडमधून पाठ केलेली समीक्षेची भाषा हातात मुरते. सोयगावकडच्या घरातला मुलगा कापसावर कथा लिहायला बसतो आणि पहिलेच वाक्य उतरते: ‘शेतकऱ्याच्या जीवनातील विदारक वास्तव अत्यंत भयावह होते.’ हे वाक्य दहा गुणांच्या उत्तरात खपते. त्याच मुलाच्या आईने तीच गोष्ट अशी सांगितली असती: ‘वेचणीच्या तोंडावर पाऊस आला, बोंडातच कवडी झाली, अन्‌ मजूर बाया अर्ध्या तासातून परत गेल्या.’ हंगाम, नुकसान आणि कोणाची मजुरी बुडाली, हे सगळे तिने सांगितले, आणि विदारक म्हणावे लागले नाही. भालचंद्र नेमाडे, रा. रं. बोराडे ही प्राध्यापक माणसेच. पण ‘कोसला’ किंवा ‘पाचोळा’ वाचताना वर्गाचा वास येत नाही. शिकलेले विसरता येणे हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि त्याला गुण नसतात.

लेखन शिकवता येते का, हा वाद वेगळा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 पासून लेखनाची कार्यशाळा चालते, आणि तिथल्याच आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात 1970 च्या दशकात दिलीप चित्रे गेले होते. ते गेले तेव्हा कवी म्हणून मान्यता पावलेले होते. मराठीत असे अभ्यासक्रम अजून तुरळकच. एम. ए. मराठीत साहित्य शिकवतात, लिहायला शिकवत नाहीत. ती अपेक्षा ठेवून प्रवेश घेणारा दोन वर्षांनी रागावून बाहेर पडतो. नाटकाचे थोडे निराळे आहे. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात तालीम असते, प्रयोग असतो. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरातून मुंबईला गेली, हे उगाच झालेले नाही.

उरतो पोटाचा प्रश्न, आणि खरे तर पदवीच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण तेच आहे. समजा दोनशे रुपयांचे पुस्तक, हजाराची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती विकल्या तरी लेखकाच्या हाती वीस हजार येतात, आणि त्या विकायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. त्यामुळे मराठी लेखक बहुधा दुसऱ्या कामावर जगत आलेला आहे: दया पवार आणि बाबूराव बागूल रेल्वेत होते, बोराडे वैजापूरच्या महाविद्यालयात प्राचार्य होते. अण्णा भाऊंनी नावलौकिक कमावला, रशियाही पाहिला, आणि अखेरचे दिवस हलाखीत काढले. त्यांच्या दीड दिवसाच्या शाळेचे कौतुक करणाऱ्याने हेही पाहावे.

मात्र नोकरीसाठी म्हणून मराठीच घ्यावी, हे गणित आता बसत नाही. एम. ए., सेट-नेट, पीएच. डी. होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे लोक शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयात भेटतील. लिहू पाहणाऱ्याने अर्थशास्त्र, कृषी, कायदा, परिचर्या असे काहीही शिकावे. त्या कामातली माणसे आणि भाषा कथेला आयती मिळते. ज्याला मराठीच मनापासून आवडते त्याने मराठी घ्यावी, पण प्राध्यापकी मिळेलच असे धरून चालू नये.

पदवीबरोबर जे स्वतःच करावे लागते ते थोडके, पण रोजचे आहे. बलवंत वाचनालयासारख्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे आणि नेमलेल्या पुस्तकापलीकडे वाचावे. शुद्धलेखनाचे नियम एकदा नीट बसून शिकावेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेले पहिले पान पाहून संपादक दुसरे उलटत नाही, आणि त्याला तेवढा वेळही नसतो. मराठवाडा साहित्य परिषदेच्या कार्यक्रमांना जावे, मागच्या खुर्चीवर बसावे, आणि ज्याचे बोलणे पटते अशा एका जाणत्याला कथा वाचायला द्यावी. मित्रांनी ‘भारी’ म्हटलेले जमेस धरू नये. तिसरा-चौथा खर्डा झाल्यावरच मजकूर बाहेर पाठवावा, युनिकोडमध्ये टंकलिखित करून आणि एका वेळी एकाच अंकाकडे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. दसऱ्याला पाठवलेली कथा त्या वर्षी छापून येत नाही.


मामा