पुसण्याआधी कुणाला तरी उठव

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया

चि. छकुलीस,


डॅलसच्या डेटा सेंटरमध्ये तुला रात्रपाळी लागल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. तिला काळजी तुझ्या जेवणाची. मला वेगळीच: पहाटे तीनला एखादा सर्व्हर उठेनासा झाला, तर तुझा हात पहिल्यांदा कुठे जाईल?

मी नवखा असताना एका ग्राहकाच्या डिस्क दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवल्या. चालू करताच रेड कंट्रोलर म्हणाला, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडलं. त्याचा अर्थ एवढाच, की डिस्कवरची मांडणी त्याच्या ओळखीची नाही; बहुधा ती इम्पोर्ट केली की भागतं. मला वाटलं, काहीतरी परकं घुसलंय. मी ते क्लिअर केलं, नवा अ‍ॅरे बांधून इनिशियलाइझही केला. डिस्क सगळ्या धडधाकट होत्या. डेटा मी घालवला. टेपवरून तो परत आणण्यात दोन दिवस गेले.

म्हणून आधी कन्सोल उघड, पडद्याचा फोटो काढ आणि गाडी कुठवर येऊन थांबली ते बघ. बूट डिव्हाइसच दिसत नसेल, तर कंट्रोलर, केबल आणि बूट ऑर्डर तपास. ग्रब येऊन ड्रॅकटच्या शेलमध्ये अडकली, तर कर्नलला रूट डिस्क सापडलेली नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मधून कित्येक जुन्या कंट्रोलरचा आधार काढला गेला; म्हणून नुकतं अपग्रेड झालं होतं का, हे विचार. इमर्जन्सी मोड आला, तर बरेचदा दोष एफएसटॅबमधल्या एका ओळीचा असतो. त्या ओळीत नाव राहिलेल्या, पण काढून नेलेल्या डिस्कची सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतं आणि मग अडून बसतं. तिथे यूयूआयडी लिही, नसली तरी चालेल अशा डिस्कला ‘नोफेल’ लाव, आणि रीबूटआधी ‘माउंट -ए’ चालवून बघ.

रेड ५ मधल्या दोन डिस्क गेल्या असतील, तर लॉग वाचून आधी कुठली गेली ते शोध. तिच्यातला डेटा शिळा असतो. तिला जबरदस्तीनं ऑनलाइन आणशील, तर शिळं-ताजं एकत्र कालवशील.

रेड आहे म्हणून बॅकअपकडे मात्र दुर्लक्ष नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं जाहीर केलं, की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकदमच जाणार. तिथे रेड काय करणार? उपाय होता वेळेवर फर्मवेअर बदलण्याचा. तुझ्या रॅकमधल्या डिस्कचं फर्मवेअर याच आठवड्यात तपासून घे.

आणि क्लिअर, इनिशियलाइझ किंवा एक्सएफएस रिपेअरचा ‘-एल’, अशी पुसणारी कुठलीही कमांड देण्याआधी दुसऱ्या माणसाला झोपेतून उठव. कुणी रागावेल म्हणून भिऊ नकोस. कुणीच भेटलं नाही, तर मला फोन कर. तुझे तीन वाजतात तेव्हा माझे चार वाजलेले असतात, आणि मी चहाचं आधण ठेवलेलं असतं.

तुझा,
मामा