फी भरण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारा



मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात गेली की घरात एक नवा विषय निघतो. ‘सगळे सर्टिफिकेशन करतायत, मीपण करू का?’ लगेच तुमच्या मनात हिशेब सुरू होतो. कॉलेजची फी आहे, रूमचं भाडं आणि मेस आहे, त्यात आता हे. नाही म्हणावं तर पोर मागे पडेल अशी धास्ती वाटते. हो म्हणावं तर आपण नेमके कशाचे पैसे देतोय तेच कळत नाही. मी कॉम्प्युटरच्या मुलांना शिकवते. हा प्रश्न घेऊन भेटायला येणाऱ्या आईबाबांशी जे बोलते, तेच आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलते आहे.

आपल्यापैकी अनेकांनी एमएस-सीआयटी केलेलं आहे. सरकारी नोकरीच्या अर्जासाठी ते लागायचं, म्हणून केलं आणि प्रमाणपत्र फाइलला लावलं. त्यामुळे कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट म्हणजे एकदा करून टाकायची गोष्ट, असं आपल्या मनात बसलं आहे. मुलांच्या क्षेत्रात असं सगळ्यांना चालणारं एक प्रमाणपत्र नाही. तिथली प्रत्येक परीक्षा ठरावीक कामासाठी बेतलेली असते. म्हणून ‘कोणतं सर्टिफिकेशन चांगलं?’ हे क्लासवाल्याला विचारण्याआधी आपल्या मुलाला विचारा, ‘तुला रोज कोणतं काम करायला आवडेल?’

उत्तर ‘प्रोग्रॅमिंग’ असेल, तर सुरुवातीला महागड्या परीक्षेची गरज नाही. त्याला डेटा स्ट्रक्चर्स पक्क्या हव्यात आणि स्वतः लिहिलेले, चालणारे दोन-तीन प्रोजेक्ट हवेत. प्रमाणपत्र हवंच असेल तर आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएलकडे बघा. कोर्स फुकट असतो, परीक्षेची फी साधारण १००० रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट द्यावी लागते. अंतिम निकालात असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. अनेक आठवडे नेटाने अभ्यास केल्याचा तो पुरावा असतो, आणि आपल्या मुलांना या नेटाचीच सवय लागायला हवी.

उत्तर ‘नेटवर्किंग’ असेल, तर सिस्कोची सीसीएनए ही चांगली परीक्षा आहे. फी ३०० डॉलर, वर कर. दोन तासांचा पेपर. रक्कम मोठी आहे, म्हणून तयारी झाली की नाही हे आधी तपासा. मी सरावाच्या मुलाखती घेते तेव्हा रेझ्युमेवर सीसीएनए दिसलं की कोरा कागद पुढे करते आणि एवढंच लिहिते: १९२.१६८.१०.०/२६. या नेटवर्कमध्ये किती कॉम्प्युटर जोडता येतील? पत्ते ६४ होतात. त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून ६२. ज्याने सराव केलाय तो अर्ध्या मिनिटात सांगतो आणि पुढचं नेटवर्क ६४ पासून सुरू होतं हेही न विचारता सांगतो. ज्याने फक्त व्हिडिओ पाहिलेत तो पेन हातात धरून बसतो. प्रत्यक्ष मुलाखतीतही अशीच परीक्षा होते. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यात घरच्या लॅपटॉपवर राउटर आणि स्विच जोडून बघता येतात.

‘सायबर सिक्युरिटी’ हे उत्तर आजकाल फार ऐकू येतं आणि ‘एथिकल हॅकिंग’च्या जाहिरातीही तितक्याच दिसतात. कॉम्प्टियाची सिक्युरिटी प्लस ही या वाटेवरची प्राथमिक परीक्षा मानली जाते. पण ती घेणारी संस्थाच आधी नेटवर्क प्लस ही परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा अशी शिफारस करते. सक्ती नाही, पण त्यामागचं कारण मुलांनी समजून घ्यावं. नेटवर्क कसं चालतं हे ज्याला कळत नाही, तो त्याचं रक्षण कसं करणार? त्याच संस्थेची ए प्लस ही हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बिघाड शोधण्यावरची परीक्षा आहे, दोन पेपरांची. हेल्पडेस्कचं काम करायचं असेल तर ती उपयोगी आहे. ज्याला सॉफ्टवेअर लिहायचंय त्याने त्या दोन पेपरांची फी वाचवावी.

‘क्लाउड’ असं उत्तर आलं तर अॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही पहिली पायरी समजली जाते. १०० डॉलर, ६५ प्रश्न, ९० मिनिटं. तिची परीक्षा-पुस्तिका कंपनीने स्वतः प्रसिद्ध केली आहे. या परीक्षेच्या कक्षेबाहेरच्या कामांच्या यादीत तिथे पहिलंच नाव आहे कोडिंगचं. म्हणजे ही परीक्षा क्लाउडची ओळख तपासते. विक्री किंवा व्यवस्थापनातला माणूसही ती देतो. कॉम्प्युटर शाखेच्या मुलाने ती जरूर द्यावी, पण तिच्या जोरावर क्लाउड इंजिनिअरची नोकरी मिळेल अशी आशा लावू नये. याउलट रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नच नसतात. समोर लिनक्सचं मशीन असतं, सांगितलेली कामं त्यावर करून दाखवायची. केलेली सेटिंग्ज मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजेत, नाहीतर गुण नाहीत. अशा परीक्षेचा अभ्यास अंगात मुरतो.

आता वेळेबद्दल. यातली बरीचशी प्रमाणपत्रं तीन वर्षंच वैध असतात. पहिल्या वर्षात हौसेने घेतलेलं प्रमाणपत्र शेवटच्या वर्षात, म्हणजे कॅम्पसच्या ऐन मोसमात, संपून जाऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या एझेड-९०० सारख्या पायाभूत परीक्षांना मुदत नाही, पण पुढच्या पातळीवरच्या प्रमाणपत्रांचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते ऑनलाइन आणि मोफत होतं. म्हणून पहिली दोन वर्षं गणित, प्रोग्रॅमिंग, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्कचा पाया पक्का करण्यासाठी मोकळी राहू द्या. तिसऱ्या वर्षाची उन्हाळी सुट्टी ही परीक्षेसाठी योग्य वेळ. आणि एखादा विषय राहिला असेल तर आधी ती केटी सुटू द्या. अनेक कंपन्या ६० टक्के गुणांची आणि एकही केटी शिल्लक नसण्याची अट घालतात. त्या चाळणीत मूल अडकलं, तर त्याचं सर्टिफिकेट पाहण्याची वेळही येत नाही.

पैशांबद्दल मला तुम्हाला जरा कळकळीने सांगायचंय. परीक्षेची फी किती, हे परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं असतं. अभ्यासक्रमही तिथे फुकट मिळतो. क्लासचं ‘पाच सर्टिफिकेशनचं पॅकेज’ आणि सोप्या हप्त्यांचं आमिष समोर आलं की दोन गोष्टी लेखी मागा. यात परीक्षेची फी धरली आहे का, आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र मूळ कंपनीचं की क्लासचं? क्लासने छापलेलं ‘कोर्स पूर्ण केल्याचं’ प्रमाणपत्र वेगळं असतं, आणि त्यासाठी कर्ज काढलेली घरं मला माहीत आहेत. शंभर टक्के नोकरीची हमी कुणी देत असेल तर तिथे सही करू नका.

तीन बारीक गोष्टी घरातच सांभाळता येतात. क्लाउडच्या सरावासाठी खातं उघडताना कार्डाचा नंबर मागतात आणि बहुधा ते कार्ड तुमचं असतं. सुरू केलेलं मशीन बंद करायचं राहिलं तर बिल वाढत जातं. पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा ठरवून ई-मेलवर सूचना येण्याची सोय मुलाकडून करून घ्या. दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसतं आद्याक्षर. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं नाही, तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. तिसरी गोष्ट ‘डम्प’ची. फुटलेल्या प्रश्नांचे संच मुलांच्या ग्रुपवर फिरतात. ते वापरल्याचं उघड झालं तर प्रमाणपत्र रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. याबद्दल मुलांशी स्पष्ट बोला. ‘सगळेच करतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आणि शेजारच्या मुलाने चार केली, आत्याच्या मुलीने पाच केली, हे जेवणाच्या ताटावर काढू नका. घाबरलेलं मूल मिळेल ते सर्टिफिकेट गोळा करत सुटतं आणि एकही विषय धड शिकत नाही. एक काम निवडावं, त्याची एक परीक्षा निवडावी, तिच्यासाठी तीन-चार महिने द्यावेत आणि शिकलेलं वापरून एखादी गोष्ट स्वतः उभी करावी. फ्रेशरला एवढं पुरेसं आहे. एखाद्या मुलाला अजून आपली आवड उमगली नसेल, तर यंदा एकही परीक्षा दिली नाही म्हणून काही बिघडत नाही.

येत्या रविवारी मुलाजवळ बसा. त्याने निवडलेल्या परीक्षेचा अभ्यासक्रम त्याला उघडायला लावा आणि एकेक मुद्दा तुम्हाला सोप्या मराठीत समजावून सांगायला सांगा. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी तो कुठे भरभर बोलतो, कुठे अडखळतो आणि कुठे विषय टाळतो, हे आईबापांना बरोबर कळतं. जिथे तो अडखळला तिथे खुणा करा. त्या खुणा पुसल्या गेल्या की मगच फी भरा.