बिल देण्याआधी डेटाबेस बघा

गावात कुणाला वेबसाइट करून घ्यायची असली की आधी चर्चा होते ती दिसण्याची. वर गणपती हवा, चेअरमनचा फोटो डावीकडे हवा, खाली सूचनांची पट्टी सरकत राहायला हवी. न्हावरे, आंबळे, निमोणे, करडे या पट्ट्यातल्या दूध डेअऱ्या, पतसंस्था, कांदा व्यापारी यांची संगणकाची कामं मी करतो. त्यातली बरीचशी कामं म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेलं निस्तरणं. फोटो उजवीकडे गेला म्हणून कुणाचा धंदा अडलेला मी पाहिला नाही. अडतं ते मागे, जिथे पान डेटाबेसला जोडलेलं असतं तिथे.

आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्राचंच सांगतो. केंद्राचं नाव सांगत नाही, साइट करणाऱ्या शहरातल्या पार्टीचंही नाही. कल्पना झकास होती. उत्पादकाने आपला नंबर टाकायचा आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार मोबाइलवर बघायचा. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, पेंडेची कपात, घेतलेली उचल आणि हातात येणारी रक्कम, सगळं एका पानावर. पहिल्या पगाराला सगळे खूश होते. पुढच्या पगारापासून काट्यावर भांडणं सुरू झाली.

पहिलं भांडण दुबार नोंदीचं. सकाळच्या गर्दीत रेंज गेली, बटण दाबूनही चक्र नुसतं फिरत राहिलं, काट्यावरच्या पोराने पुन्हा दाबलं. दोन्ही नोंदी गेल्या. कुणाच्या खात्यावर दूध दुप्पट झालं, आणि नंतर ते कापलं तेव्हा त्याला वाटलं आपल्याला लुबाडलं. पार्टीने फोनवरच तोड काढली : एक नंबर, एक तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, याला एकच नोंद, दुसरी आली तर डेटाबेसनेच नाकारायची. पुस्तकी उत्तर म्हणून यात खोट काढता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्यांचं म्हशीचं दूध मशीन घेईना! गाईची कॅन वेगळी, म्हशीची वेगळी, दर वेगळा. शिवाय एखाद्याचा भाऊ मळ्यातून अर्ध्या तासाने दुसरी कॅन आणतो, तीही त्याच नंबरवर. हे त्या शहरातल्या मुलाला कोण सांगणार? त्याने विचारलं नाही आणि केंद्रवाल्याने सांगितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की डेटाबेसमध्ये ‘एक नोंद’ म्हणजे काय, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवायचं नाही. रोज वहीत लिहिणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. चार जुनी पानं उघडा आणि दोन ओळी सारख्या दिसल्या की विचारा : ही चूक आहे की दोन खरी मापं? त्या केंद्रात शेवटी फॉर्म उघडतानाच त्याला एक अंतर्गत क्रमांक द्यायची सोय केली. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नोंद होत नाही, मग बटण कितीही वेळा दाबा. आणि दुसऱ्या कॅनला नवा फॉर्म, म्हणजे नवा क्रमांक.

पैशांचा घोळ त्याहून साधा होता. रकमेचा कॉलम ‘फ्लोट’ प्रकारचा ठेवला होता. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अशा कॉलमात १,२३,४५६.७८ ही रक्कम ठेवली की वाचताना १,२३,४५७ दिसते. उत्पादकाच्या पगारात फरक कळत नाही, पण केंद्राची एकूण बेरीज बँकेशी जुळत नाही आणि हिशेबनीस रात्र जागवतो. पैशाला ‘डेसिमल’च हवा. याला दुसरं मत नाही.

मग एक दिवस कुणीतरी पगाराच्या पानाच्या पत्त्यातला ११२ खोडून ११३ केला. शेजाऱ्याचा पगार उघडला, त्याची उचलही. गावात कुणाची उचल किती, ही गोष्ट बाहेर पडली की काय होतं ते इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पान उघडताना सर्व्हरने विचारायला हवं की मागणारा हाच ११३ नंबरवाला आहे का. मोबाइलवर ओटीपी पाठवा, नाहीतर प्रत्येकाला पिन द्या. नंबर माहीत असणं म्हणजे ओळख पटणं नव्हे.

पगाराच्या संध्याकाळी साइटच बंद पडायची, कारण प्रत्येक पान डेटाबेसशी नवं कनेक्शन उघडायचं आणि बंद करायचंच नाही. मायएसक्यूएल मुळात १५१ कनेक्शन देतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर वाट्याला त्याहून फार कमी येतात. कोड तपासून घेताना नेमकं हेच विचारा.

आता एक्सेलचा खेळ, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने केलं. २०२४च्या सुरुवातीला राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, थेट उत्पादकाच्या बँक खात्यात. त्यासाठी आधार, खाते क्रमांक आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक ऑनलाइन भरायचा होता. आधार १२ आकडी, बिल्लाही १२ आकडी. डेटाबेसमधून यादी काढली, एक्सेलमध्ये उघडली, तिथे १२ आकडी क्रमांक १.२३ई+११ असा दिसायला लागला, आणि कुणीतरी ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली. खरे आकडे गेले, फाइलमध्ये ते १.२३ राहिलं. १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य झाला, पुढचं शून्य असलेल्यांचं ते शून्य उडालं. गट नंबर ५/१ ची तर ५ जानेवारी किंवा १ मे होते. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नाही, मजकूर आहे. आधार, बिल्ला, खातं, मोबाइल, गट नंबर सगळं मजकुराच्या कॉलमात ठेवा. आधार आणि बिल्ल्याची अदलाबदल पकडायची असेल तर आधारच्या शेवटच्या आकड्याची पडताळणी कोडमध्येच बसवा. तो आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने निघतो.

जाता जाता आणखी एक. होस्टिंग बदललं तेव्हा सगळ्या उत्पादकांची नावं प्रश्नचिन्हं झाली. जुन्या मायएसक्यूएलची मूळ अक्षरपद्धती देवनागरी ओळखत नव्हती; २०१८च्या आठव्या आवृत्तीपासून ‘यूटीएफ८एमबी४’ आपोआप येते, पण जुन्या सर्व्हरवर ती टेबललाही सांगावी लागते आणि कनेक्शनलाही. एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं नाव परत येत नाही.

बाहेरच्या चोरांचं बोलायचं तर त्यांना दार आपणच उघडून देतो. लॉगिनच्या चौकटीत कुणी एक अवतरणचिन्ह आणि पुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशी अट इंग्रजीत टाकली, आणि कोडने ती तशीच क्वेरीत चिकटवली, तर डेटाबेस सगळी नावं ओतून देतो. ही युक्ती १९९८पासून छापील आहे. २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली, आणि पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंड दंड बसला. उपाय जुना आणि फुकट आहे : प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे चौकटीत टाकलेला मजकूर क्वेरीत न चिकटवता डेटाबेसला वेगळा देणं. तुम्हाला कोड वाचता येत नसेल तरी एक करा. नावाच्या जागी इंग्रजीत डिसोझा लिहा, मधल्या एकेरी अवतरणचिन्हासकट. पान फुटून एसक्यूएलची इंग्रजी चूक पडद्यावर आली तर ती साइट घेऊ नका. चूक दिसली नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे. आधारची यादी उघड्यावर पडली तर जबाबदारी केंद्राची, साइट करणाऱ्या पोराकडे बोट दाखवून सुटका नाही.

बॅकअपबद्दल सगळेच ‘घेतो की’ म्हणतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांच्याच कंपनीत एकाने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही; एकाने काही तास आधी सहज घेतलेली प्रत होती म्हणून वाचले, तरी सहा तासांचा डेटा गेलाच. आमच्या केंद्रातला बॅकअप तर त्याच सर्व्हरवर ठेवला होता. सर्व्हर गेला की दोन्ही गेलं.

तेव्हा करार करताना डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर घ्या. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड पाकिटात घालून कपाटात ठेवा. साइटला वेगळा, मोजक्याच अधिकारांचा वापरकर्ता द्या. आणि शेवटचा हप्ता हातात राखून ठेवा. पार्टीला सांगा, कालचा बॅकअप या दुसऱ्या कॉम्प्युटरवर माझ्यासमोर चढवून दाखव आणि तुझ्या पसंतीचे नाही, माझ्या वहीतले कुठलेही पाच पगार काढून दे. ते पैशासकट वहीशी जुळले की चेक लिहा.