यराबामाची वासरे



मूर्तिपूजा हा शब्द ऐकला की आपली दृष्टी बहुधा शेजाऱ्याच्या घराकडे जाते. आपण ती सोडून आलो, असे म्हणून आपण तो विषय तेथेच मिटवितो. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे अशा पुरुषाचे चरित्र ठेवितो की, ज्याला देवाने निवडले, संदेष्ट्याच्या मुखाने अभिवचन दिले, आणि ज्याने तरीही मूर्ती घडविली. तो नबाटाचा पुत्र यराबाम होय. पहिल्या राजांच्या पुस्तकाचे अकरावा व बारावा हे अध्याय उघडून जवळ ठेवावे.

यराबाम हा विधवेचा मुलगा. त्याचा कष्टाळूपणा पाहून शलमोनाने त्याला योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम नेमले. एकदा वाटेत अहीया संदेष्टा त्याला भेटला. त्याने नव्या वस्त्राचे फाडून बारा तुकडे केले व दहा यराबामाच्या हाती दिले. अर्थ हा की, दहा वंशांचे राज्य तुला मिळेल, आणि तू देवाच्या मार्गाने चाललास तर तुझे घराणे टिकेल. इ.स.पूर्व ९३० च्या सुमारास शलमोन मरण पावला, त्याचा पुत्र रहबाम याने लोकांस उद्धट उत्तर दिले, आणि दहा वंशांनी यराबामाला राजा केले. हे राज्य त्याने लढून मिळविले नव्हते. ते त्याला दिलेले होते.

आता बाराव्या अध्यायाचे सव्विसावे वचन पाहा. तेथे शास्त्र आपणांस त्या राजाच्या मनात नेते. लोक यज्ञासाठी यरुशलेमेस जात राहिले तर त्यांचे मन पुन्हा दाविदाच्या घराण्याकडे वळेल व आपला घात होईल, असे त्याला वाटले. त्या वासरांचा उगम हा! देव नाही असे तो म्हणत नव्हता. बआलाची गोडीही त्याला लागली नव्हती. गादी जाईल, एवढेच भय. ज्याने राज्य दिले तोच ते राखील, यावर मात्र त्याचा विश्वास बसेना.

मग मसलत झाली, सोन्याची दोन वासरे झाली. एक बेथेलास गेले व दुसरे दानास. लोकांस सांगण्यात आले की, यरुशलेम तुम्हांस फार लांब पडते. किती कळवळ्याची भाषा ही! पण नकाशा काढून पाहा. दान उत्तरेच्या टोकाला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी. तेथील लोकांस यरुशलेम खरोखरच काही दिवसांची वाट होती. (दान येथे १९६६ पासून आव्राहाम बिरान यांनी उत्खनन केले. तेथे निघालेला मोठा दगडी चौथरा पुष्कळ विद्वान यराबामाच्या उच्चस्थानाचा समजतात; वासरू काही सापडले नाही.) बेथेल मात्र यरुशलेमेपासून अवघे १७ किलोमीटर, म्हणजे पाचसहा कोस. आपली वडील मंडळी बाजारासाठी इतके चालत असत. उत्तरेचा यात्रेकरू बेथेलापर्यंत आला म्हणजे यरुशलेम उरलेच किती? लोकांची सोय हे निमित्त होते. सोय पाहिली ती राजाची.

शिवाय यात उघड परके असे काहीच नव्हते. मिसरातून सोडविणाऱ्याचेच नाव, याकोबाने स्वप्न पाहिले तीच जागा, आणि सण मोशेच्या मंडपांच्या सणासारखा, पंधराव्या दिवशीच. फक्त सातव्या महिन्याऐवजी आठवा, तोही राजाच्या मनचा.

आपल्या मंडळ्यांत सोन्याचे वासरू कोणी ओतणार नाही. तितके सोने आहे कोणाजवळ? परंतु पंचांच्या निवडणुकीत हरलेला गृहस्थ पुढल्याच रविवारी आपल्या पडवीत निराळी उपासना मांडतो, आणि म्हाताऱ्यांना मंदिर लांब पडते असे कारण सांगतो, तेव्हा हा अध्याय आठवावा. म्हाताऱ्यांच्या दाराशी जाऊन प्रार्थना करणे हे उत्तमच काम आहे. पण निवडणूक जिंकली असती तर ती पडवी झाडली गेली असती काय, हे त्या गृहस्थाने आपल्या खोलीत, दार लावून, देवासमोर स्वतःस विचारावे.

उपदेशकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. यराबामाने लेव्यांस याजकपणातून काढले. दुसऱ्या इतिहासाच्या तेराव्या अध्यायावरून दिसते की, गोऱ्हा व सात मेंढे घेऊन येईल तो तेथे याजक होई. लेव्यांनी काय केले? त्याच पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो की, आपली शिवारे व वतने सोडून ते यहूदात आले. वतन म्हणजे काय, हे आपल्यातील जुन्या माणसांस सांगावे लागत नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द होईपर्यंत आपल्या कित्येक घराण्यांची जमीन गावकीच्या कामाशी बांधलेली होती, आणि त्या कामांत जत्रेची कामेही येत. प्रभूसाठी ‘हे काम मी करणार नाही’ म्हणणाऱ्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राही. ते भय यराबामाच्या भयासारखे मनाने रचलेले नव्हते.

हा पाठ मंडळीत शिकविणाऱ्यांनी शेवटी आमोसाचा सातवा अध्याय वाचावा. सुमारे पावणेदोनशे वर्षे लोटली आहेत, बेथेल भरभराटीत आहे, आणि तेथील याजक अमस्या आमोसाला गावातून निघून जाण्यास सांगत आहे. हे राजाचे पवित्रस्थान आहे, असे कारण तो देतो. त्या भाषणात देवाचे नाव कोठे येते ते मुलांस शोधावयास सांगावे.