गोरिलावेड्यांचा गोतावळा

चि. ओंकार,


तुझं पत्र पोचलं. महाकपींचं वेड असलेला घरात तू एकटाच, मित्र चेष्टा करतात, आणि प्राणिसंग्रहालयांवर असाच जीव असलेली माणसं कुठे भेटतील, असं विचारतोस. माणसं भेटतील, त्याची काळजी करू नकोस. गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान यांच्यापायी वेडी झालेली माणसं जगभर आहेत आणि ती बोलायला आसुसलेली असतात. गट्टी कोणाशी करायची, हा खरा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकते. जी मंडळी प्राण्याला नावानिशी ओळखतात, पाहिलेलं तारखेनिशी लिहून ठेवतात आणि दुसऱ्याचं चुकलं तर तोंडावर सांगतात, त्यांच्यात जा. नुसतं ‘कित्ती गोड’ म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात तुझी हौस भागेल, पण पलीकडच्या प्राण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. कधी कधी तर तोटाच.

हे जरा कठोर वाटेल, म्हणून अटलांटाच्या झूमधल्या विली बी.चं उदाहरण घे. हा नर गोरिला साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आला, शहराच्या महापौरांवरून त्याचं नाव ठेवलं गेलं, आणि तो गावाचा लाडका झाला. लोक पोराबाळांना घेऊन त्याला बघायला यायचे. आणि हा लाडका सत्तावीस वर्षं एकटा, बंद खोलीत, टांगलेल्या टायरच्या आणि टीव्हीच्या सोबतीनं बसून होता. प्रेम कमी पडलं असं कोणी म्हणू शकणार नाही; प्रेम उदंड होतं. पण गोरिला कळपात जगणारा प्राणी आहे, हे जाणून त्या खोलीकडे पाहणारं कोणी त्या गर्दीत असलं, तरी त्याचा आवाज पोचत नव्हता. 1984 साली त्या झूची देशभर छी-थू झाली. देशातल्या सर्वांत वाईट झूंमध्ये त्याचं नाव छापून आलं, कारभार बदलला, टेरी मेपल हे कपींचा अभ्यास असलेले संचालक आले, आणि 1988 मध्ये विली बी.नं उघड्या आकाशाखाली, गवतावर पाऊल ठेवलं. पुढे त्याला जोडीदारणी मिळाल्या, पाच पिल्लं झाली. 2000 साली तो गेला तेव्हा निरोपाला हजारो लोक जमले. ती गर्दी खोटी नव्हती. पण त्याला बाहेर काढलं ते कौतुकानं नाही, कोणीतरी रोखठोक हिशेब मागितला म्हणून. तुझ्या गोतावळ्याला हा हिशेब मागता यायला हवा, आणि त्यासाठी आधी काय पाहायचं ते ठाऊक हवं.

पाहणं एकट्यानं का जमत नाही? हॉलंडमधल्या आर्नेमच्या बर्गर्स झूमध्ये 1971 साली चिंपांझींची मोठी वसाहत सुरू झाली. खंदकानं वेढलेलं मोकळं आवार, आत सगळ्या वयांचे नर-माद्या, पिल्लं. 1975 पासून अभ्यासक फ्रान्स द वाल तिथे निरीक्षण करू लागले. भांडण झाल्यावर चिंपांझी थोड्या वेळानं एकमेकांकडे जातात, हात पुढे करतात, चुंबन घेतात, अंगावरचे केस विंचरतात, म्हणजे समेट करतात, ही गोष्ट त्यांनी तिथेच नोंदवली, आणि कपींच्या समाजजीवनाकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची दृष्टी त्यानं पालटली. साहित्य म्हणशील तर दुर्बीण, वही आणि तासन्‌तास बसण्याची तयारी. पण त्यापेक्षा मोलाची गोष्ट ही की अशा कामात दोन निरीक्षकांना एकच कृती पाहून एकच शब्द लिहावा लागतो. तू ‘खेळ’ लिहिलंस आणि शेजारच्यानं ‘हल्ला’ लिहिलं, तर दोघांच्याही वह्या रद्दी. चिंपांझी ओठ मागे ओढून वरचे-खालचे दात दाखवतो तेव्हा बघणाऱ्यांना तो हसतोय असं वाटतं. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. त्याचं खेळातलं हसू म्हणजे सैल पडलेलं उघडं तोंड. त्यात वरचे दात सहसा झाकलेले असतात. एकटा माणूस जन्मभर भीतीला हसू समजत राहील, आणि जितका जीव लावेल तितका त्याचा गैरसमज घट्ट होईल. शेजारी बसलेला दुसरा म्हणेल, “अरे, पुन्हा बघ, खांदे बघ, मागे कोण उभा आहे ते बघ.” सोबत हवी ती एवढ्यासाठी. गोरिला ओळखायची युक्ती अशीच एकानं दुसऱ्याला शिकवायची असते. प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्यांची नक्षी वेगळी असते. अभ्यासक ती वहीत काढून ठेवतात. पहिल्याच भेटीत तू ती काढायला बस. चित्र वाईट आलं तरी नजर तयार होते.

या कपींच्या वयाचाही विचार कर. ओहायोतल्या कोलंबस झूमध्ये 22 डिसेंबर 1956 रोजी जन्मलेली कोलो ही बंदिवासात जन्मलेली पहिली गोरिला. ती साठ वर्षं जगली. बर्लिनच्या झूमधली गोरिला फातू 1959 साली तिथे आली. एवढ्या काळात संचालक बदलतात, डॉक्टर बदलतात, कीपर निवृत्त होतात. जन्म, मृत्यू, आई-बाप यांची नोंद दप्तरी असतेच. गोरिलांची आंतरराष्ट्रीय वंशनोंद फ्रँकफर्टच्या झूनं ठेवली आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची हे असल्या नोंदींवरून ठरतं. पण एखादी मादी पावसात कुठे बसते, पिल्लू गेल्यावर किती दिवस अन्नाला शिवली नाही, नव्या नराला कशी सामोरी गेली, हे फाइलीत थोडकंच उतरतं. वर्षानुवर्षं येणारे प्रेक्षक ते जपू शकतात, पण लिहिलं तरच.

आता यावर लोक काय म्हणतील ते मला दिसतं. प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग, त्यावर प्रेम करणं म्हणजे तुरुंगावर प्रेम करणं, हा आक्षेप तुला हमखास ऐकवला जाईल आणि तो उडवून लावू नकोस. महाकपीला एकटं, बंद खोलीत, काही न करता ठेवणारी जागा ही माझ्या लेखी प्राणिसंग्रहालय नाहीच. पण आज झूंमध्ये असलेल्या गोरिलांपैकी बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेले आहेत. त्यांना उचलून काँगोच्या जंगलात सोडून देता येत नाही. त्यांचं उरलेलं आयुष्य कसं जाईल हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर दूर राहून निषेध करणाऱ्यापेक्षा रोज जाऊन बघणाऱ्याला नेमकं देता येतं. हृदयविकार हा झूमधल्या महाकपींच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. हे लक्षात घेऊन क्लीव्हलँडच्या झूनं आपल्या गोरिलांचं तयार बिस्किटांचं खाणं बंद करून पालेभाज्या सुरू केल्या, तसं त्यांचं वजन बरंच उतरलं आणि दिवसाचा कितीतरी जास्त वेळ ते खाण्यात घालवू लागले. बदल होतात ते असे, बारकाव्यात. म्हणून माझा सल्ला, तुमच्या गटात झूला विरोध करणारा एखादा शहाणा माणूस मुद्दाम असू दे. तो तुम्हाला झोपू देणार नाही.

उलट बाजूची जाणती माणसंही हवीत, नाहीतर रागसुद्धा आंधळा होतो. मैसुरूच्या झूमध्ये 2021 साली जर्मनीहून थाबो आणि डेम्बा असे दोन गोरिला आले, दोघेही नर. ‘मादी का नाही आणली, बिचाऱ्यांचे हाल’ अशी हळहळ कोणीही करील. पण गोरिलांच्या कुटुंबात प्रौढ नर सहसा एक, माद्या अनेक. पिल्लांत मात्र जवळपास निम्मे नर जन्मतात. जास्तीच्या नरांचं काय करायचं, हा जगभरच्या झूंपुढचा पेच आहे, आणि नरांची स्वतंत्र टोळी ठेवणं हा त्यावरचा एक मान्य उपाय. तो दर वेळी साधतो असं नाही. पण हे माहीत असलेला माणूस मैसुरूत जाऊन वेगळं काहीतरी बघेल. दोघं जवळ बसतात का, एक दुसऱ्याला टाळतो का, धाकट्याला लपायला जागा आहे का.

फोटो काढले, व्हिडिओ पाठवले तर कोणाचं काय बिघडतं, असंही तू म्हणशील. बिघडतं. शिकागोच्या लिंकन पार्क झूच्या स्टीव्ह रॉस यांच्या गटानं 2008 मध्ये दाखवलं की झूत येणाऱ्यांपैकी 95 टक्के लोकांना गोरिला धोक्यात आहे हे ठाऊक होतं, चिंपांझीबद्दल मात्र 66 टक्क्यांनाच. जाहिराती-सिनेमांत कपडे घालून दिसणारा प्राणी जंगलातून संपत चालला असेल, असं बऱ्याच जणांना वाटेना. 2011 मध्ये त्यांनीच दाखवलं की माणसाशेजारी उभ्या चिंपांझीचं नुसतं चित्र पाहिलं तरी जंगलातल्या चिंपांझींची संख्या ठीकठाक असेल असं वाटणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. असे प्राणी पाळायची हौस आपल्याकडेही लांबची नाही. 2019 साली ईडीनं कोलकात्यात वन्यप्राण्यांच्या बेकायदा व्यवहारात तीन चिंपांझी जप्त केले. म्हणून मांडीवर बसवलेल्या, डायपर घातलेल्या पिल्लाचं कौतुक करणारा मित्र असेल तर त्याला समजाव. न समजल्यास सोड. आणि सर्दी-खोकला असताना काचेपाशी जाऊ नकोस. आपले श्वसनाचे आजार त्यांना होतात. जानेवारी 2021 मध्ये सॅन डिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाल्याचं उघड झालं, तोही बहुधा माणसाकडूनच गेलेला.

कोणी किती झू पाहिले याची मोजदाद करणारे भेटतील, त्यांच्याशी स्पर्धा करू नकोस. कीपरशी मात्र नम्रपणे वाग. त्याला सगळ्यांत जास्त माहीत असतं आणि त्याच्याकडे वेळ सगळ्यांत कमी असतो. आधी पाहून, लिहून, मग एकच नेमका प्रश्न विचारलास तर तो आपणहून चार गोष्टी सांगेल.

राहता राहिली तुझी तक्रार की पुण्यात बसून हे करायचं कसं. मैसुरू एका रात्रीच्या अंतरावर आहे. भारतातला कपी म्हणजे हूलॉक गिबन, तो पाहायला आसामात होल्लोंगापारला जावं लागेल, पण सवय लावायला गडावरच्या वानरांची एखादी टोळी पुरते. आणि पुण्यातच एक काम पडून आहे. बिन्नी नावाची ओरांगउटान मादी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून 2003 साली भुवनेश्वरच्या नंदनकाननला गेली आणि 2019 मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी तिथे वारली. तेव्हा देशातल्या झूंमध्ये ती एकच ओरांगउटान होती. तिला इथे पाहिलेली माणसं, तेव्हाचे कीपर, सुट्टीत येणारी मुलं, जी आता चाळिशीला टेकली असतील, ती अजून पुण्यात आहेत. त्यांना गाठ, प्रत्येकाची आठवण वेगळी लिहून घे, कोणाचं कोणाशी जुळत नाही ते समासात टिप, आणि मग त्यांना एकदा एकत्र बोलाव. तुझा गोतावळा तिथून सुरू कर, आणि पहिल्या दहा पानांची झेरॉक्स मला पाठव.

तुझी,
आत्या